निदान की निवाडा?

लाडक्या लेकराला आपण ‘जिगरचा तुकडा’ म्हणतो, धाडसी माणसाला ‘जिगरबाज’. जिगर म्हणजे यकृत. पण हेच जिगर आजारी पडले की आपली भाषा बदलते. “पीत असेल,” असे लोक सहज बोलून जातात.

वास्तविक हेपेटायटिस बी आईकडून बाळाला होऊ शकतो, सी दूषित सुईतून येतो. दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृतात मधुमेहाने, लठ्ठपणाने चरबी साठते. जिथे दारू हराम, त्या घरातल्या रुग्णाची तर दुहेरी कोंडी. न पिणारा संशयाने खचतो, पिणारा डॉक्टरांपासूनही लपवतो. लपवलेल्या दुखण्यावर इलाज कसा व्हावा?

खरा कठीण प्रश्न पुढेच आहे. ज्याने दारूने यकृत जाळले, त्याला दुसऱ्याचे यकृत द्यावे का? यकृते थोडी, रांग मोठी. प्रसिद्ध फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट यांच्यावर २००२ साली यकृतरोपण झाले. ते पुन्हा प्यायले आणि २००५ मध्ये वारले. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. अनेक केंद्रांत रोपणाआधी सहा महिने दारू सोडण्याची अट असे. पण दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेले आणि औषधांना दाद न देणारे बहुतेक रुग्ण सहा महिने जगतच नाहीत. फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी अशा २६ निवडक रुग्णांवर न थांबता रोपण केले. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: सहा महिन्यांनंतर ७७ टक्के जिवंत होते, रोपण न झालेल्या तशाच रुग्णांपैकी २३ टक्के. पुढे पुन्हा प्यायले ते तिघे.

“हा पुन्हा पिईल का?” हे डॉक्टरांनी जरूर विचारावे; ते निदान आहे. “याची लायकी आहे का?” हा निवाडा झाला. गुनाहांचा हिशेब घेणारा दरबार वेगळा, दवाखाना तो नव्हे.

मात्र आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातलगांचीच असतात. ज्याच्या दारूने जिचा संसार होरपळला, त्या बायकोकडेच सारे घर आशेने पाहू लागते. तिने दिले तर ते दान. पण ती “नाही” म्हणाली, तर तिला निर्दय म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. डॉक्टरांनी रुग्णाचा न्याय करू नये, तसाच आपण तिचाही करू नये.