मोसम

सकाळचा माझा फेरा ठरलेला. पिनरच्या हाय स्ट्रीटनं टेकडी चढायची, वरच्या सेंट जॉन चर्चला वळसा घालून परत फिरायचं. जूनच्या सुरुवातीची गोष्ट. परतताना 183च्या बसथांब्यावर एक वयस्क बाई फोनवर बोलत होत्या. डोक्यावर ओढणी, पायांशी भाजीची पिशवी.

"आंब्याचा मोसम सरला काय रं?"

मी थबकलो. त्या श्रीवर्धनच्या निघाल्या. "मावशी, मी अलिबागचा," म्हटलं, तर म्हणाल्या, "म्हंजे शेजारचाच की." गावी असताना आम्ही एकमेकांना शेजारी म्हटलं असतं का, कोण जाणे.

घरी येईपर्यंत तो 'मोसम' मनात घोळत राहिला. शब्द मूळचा अरबी. नेमलेला काळ, हंगाम. नैर्ऋत्येचा वारा अरबांची गलबतं कोकणात आणायचा. माघारी जायला ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग होतं. त्या थांबण्यात बिऱ्हाड आलं, उधारी आली, सोयरीक आली. नमाजाची जागाही आली. कोकणात इस्लाम पहिल्यांदा उतरला तो असा, व्यापाऱ्याच्या गाठोड्याबरोबर. पुढच्या शतकांत घोडदळं आली, सत्ता आल्या. तो इतिहास निराळा, आणि तोही खरा. पण पहिली माणसं वाऱ्याची वाट बघणारी होती.

916च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी कोकणात चौलला आला. गावाला तो सैमूर म्हणतो. तिथं दहा हजार मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि इथंच जन्मलेले, त्यांना बयासिरा म्हणत. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला राजा त्यांच्यातलाच एक जण नेमायचा. दहा हजार हा आकडा जरा गोलच. प्रवाशांचे आकडे गोलच असतात. पण वस्ती मोठी होती, एवढं नक्की. आमचं पिनरचं चर्च 1321चं. त्याच्या चारशे वर्षं आधी मावशींच्या किनाऱ्यावर अजान होत होती.

उत्तरेला संजाणचा कारभार तर राष्ट्रकूट राजानं एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडेच सोपवला होता. डहाणूजवळ चिंचणीला 926चा ताम्रपट सापडला, त्यात त्याची कामं कोरली आहेत. दोन नद्यांवर त्यानं फुकट होडी सुरू केली. संजाणात अन्नछत्र घातलं. साळीचा भात, कालवण आणि तूप. हे तूप मला फार आवडलं. वाटसरूचं नुसत्या भात-कालवणावरही भागलं असतं. एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून, राजाच्या संमतीनं देवीच्या मठाला जमीनही यानंच दिली.

थांब्यावर आम्ही बोलत होतो, तेवढ्यात बस आली होती. चढता चढता मावशींनी नाव सांगितलं. शेजारची इंग्रज बाई ते भलतंच उच्चारते म्हणाल्या, आणि इतकी वर्षं त्या त्यालाच ओ देतात. हसल्या, पिशवी सावरली, आत गेल्या.

चिंचणीच्या ताम्रपटात त्या अरब अधिकाऱ्याचं मुहम्मद हे नाव कोरणाऱ्यानं आपल्या जिभेला जमेल तसं लिहिलं आहे. मधुमती.