दिव्याची कळ कुणाच्या हाती?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री नाशिकहून आईचा फोन आला. "अरे, वीज आहे, पंखा फिरतोय, पण हॉलचा दिवा लागत नाहीये." बाबा मोबाइलच्या टॉर्चवर जेवत होते.

चूक माझीच होती. दिवाळीत हौसेनं मी भिंतीवरची जुनी बटणं काढून स्मार्ट दिवे आणि बिनतारी पॅनेल बसवलं होतं. आईनं पॅनेलला बोट लावलं की हुकूम राउटरमधून कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून फिरून दहा फुटांवरच्या दिव्याकडे यायचा. त्या रात्री तो सर्व्हरच बंद होता.

आमचं एका रात्रीवर निभावलं. अमेरिकेत २०१६ साली नेस्टनं आपण विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्हची सेवा थांबवली, तेव्हा लोकांनी ३०० डॉलरला घेतलेले हब निकामी झाले. २०२२च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. म्हणजे वस्तू आपण विकत घेतो, पण तिचं चालणं उसनं असतं.

मी ठरवलं, हे उसनं नको. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणला, त्यावर होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर टाकलं आणि झिग्बीवर चालणारे दिवे घेतले. आता हुकूम घरातल्या घरात फिरतो. इंटरनेट गेलं तरी दिवा लागतो. आपण घर स्वतंत्र केलं, असं मी मित्रांना सांगत सुटलो.

हे सॉफ्टवेअर घरातल्या हालचालींची नोंद ठेवतं. आपण काही बदललं नाही तर दहा दिवसांची. पुण्यातून बघता यावं म्हणून मी बाहेरून आत येणारी एक वाट ठेवली होती. एकदा दिसलं, स्वयंपाकघरातला दिवा रात्री दोनला लागला होता. सकाळी फोन केला. "आई, रात्री उठली होतीस? बरं आहे ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता उठल्याचाही हिशेब द्यायचा का?"

मी चिडलो. बाबांना साखर आहे, एकदा ते बाथरूममध्ये पडलेही होते. काळजी करायची नाही का? पण दिवसभर तिचं वाक्य डोक्यात राहिलं. मी कंपनीला घराबाहेर काढलं आणि तिच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसलो होतो. पासवर्ड माझ्याकडे, नोंदी माझ्याकडे. मेमरी कार्ड बिघडलं तर दुरुस्त करणाराही मीच. आईसाठी 'क्लाउड' फक्त नाशिक-पुण्याच्या अंतरावर आला होता. उलट, कंपनीचं ॲप काढून टाकता येतं, मुलाच्या काळजीला नाही म्हणणं अवघड असतं.

सर्व्हर कुठे ठेवलाय, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याआधीचा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता: या घरात राहतं कोण? जो राहतो त्याला आपलं घर कुणालाही न विचारता वापरता आलं पाहिजे, आणि कुणाला किती दिसू द्यायचं हेही त्यानंच ठरवलं पाहिजे. काळजी असली तरी परवानगी लागते.

पुढच्या शनिवारी नाशिकला गेलो. इलेक्ट्रिशियनला बोलावून जुनी बटणं परत बसवून घेतली. नोंदी पुसल्या. बाहेरून येणारी वाट बंद कशी करायची ते आईच्या हिशेबाच्या वहीत मराठीत लिहून दिलं. तिनं सगळं नीट वाचलं आणि ती वाट बंद केली. मग म्हणाली, "बाथरूमचा तो आपोआप लागणारा दिवा राहू दे. ह्यांना बरं पडतं."

काल रात्री ती उठली होती का, मला माहीत नाही. सकाळी तिनं स्वतःहून फोन केला होता, पण बोलणं सगळं लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल झालं.