येणं सोडण्याआधी

एका गालावर कुणी मारली तर दुसरा पुढे करावा, हे गांधीजींनी सांगितलं असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. ते सांगितलंही जातं बहुधा टिंगलीच्या सुरात. मूळ वचन येशूचं, मत्तयच्या शुभवर्तमानातलं. लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करताना गिरिप्रवचन वाचलं आणि ते थेट काळजाला भिडलं, असं गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

मी ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे हा दुसरा गाल माझ्या वाट्याला फार लवकर आला. शाळेत मार खाऊन घरी आलं की आई जखमेला हळद लावायची आणि वर हे वचन ऐकवायची. हळदीने आग व्हायची, वचनाने जास्त व्हायची.

पुढे कळलं की मत्तयने नुसता गाल म्हटलेलं नाही, उजवा गाल म्हटलं आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हाताने मारायचं तर तळवा लागत नाही, हाताची मागची बाजू लागते. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने यावर बोट ठेवलं. असा उलट्या हाताचा फटका बरोबरीच्या माणसाला मारत नसत, तो गुलामाला, हाताखालच्याला मारायचा. डावा गाल पुढे करणं म्हणजे, मारायचंच असेल तर बरोबरीचा समजून मार, असं सांगणं. हा अर्थ सगळ्याच अभ्यासकांना पटत नाही. मला पटतो, पण माझा भर त्यावर नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला खरोखरच चपराक मारतो. तेव्हा येशू काय करतो? दुसरा गाल पुढे करत नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, चुकलं नसेल तर मला का मारलंस, असं तो विचारतो. हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही. इतक्या वर्षांत या प्रसंगावरची प्रवचनं मी फारशी ऐकली नाहीत. गप्प बसवायला दुसरा गाल जास्त सोयीचा असावा.

प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते, तिथे मराठी बायबलच्या मत्तयमध्ये शब्द आहे 'ऋण'. पाप नाही, अपराध नाही, ऋण. आम्ही दुसऱ्याचं ऋण सोडलं तसं देवा, तू आमचं सोड, असा त्याचा आशय. मला हा शब्द फार नेमका वाटतो. येणं सोडायचं तर आधी ते वहीत लिहिलेलं असावं लागतं. किती आहे, कुणाकडून आहे, कशापायी झालं आहे, हे माहीत असावं लागतं. आकडाच ठाऊक नसेल तर सोडलं काय? आणि येणं माफ केलं म्हणजे कर्ज झालंच नव्हतं, असा अर्थ कुणी व्यवहारात काढत नाही. क्षमेच्या बाबतीत मात्र सर्रास काढतात.

या शब्दाशी माझ्या मनात एक घटना जोडली गेली आहे. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासींमध्ये काम करत. सावकाराच्या पाशात अडकलेल्या माणसांना बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कुठल्या, अर्ज कुठे द्यायचा, हे त्या शिकवत. सावकारांच्या वह्याच ओस पडू लागल्या, तेव्हा कुणाच्या डोळ्यांत खुपलं असेल ते सांगायला नको. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या भरल्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, समंदर सिंग या तरुणाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या.

त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही राणी मारियांच्याच धर्मसंघातल्या सिस्टर. ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या दिवसांत, त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि समंदर सिंगच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. राखी हा काही चर्चचा विधी नव्हे. पण खुनी हिंदू, तुरुंग हिंदुस्थानातला, मग क्षमाही त्याला कळेल अशा धाग्यातूनच करायला हवी, हे त्या बाईंना उमगलं. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो केरळला राणी मारियांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन आला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आलं.

मला यातली राखी जेवढी मोठी वाटते, तेवढीच सात वर्षंही. १९९५ ते २००२. तेवढा काळ लागला. आपण मात्र काल मार खाल्लेल्या बाईला आज क्षमा करायला सांगतो. नवऱ्याने हाडं मोडलेली सून चर्चमध्ये येते आणि तिला सहन करायचा उपदेश मिळतो. हा ख्रिस्ती धर्म नाही, ही शुद्ध अंगचोरी आहे. ओडिशात १९९९ साली मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, बारीपदातलं कुष्ठरुग्णांचं काम पुढे चालू ठेवलं. खटलाही चालूच राहिला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप कायम केली. बाईंची क्षमा मनातल्या वहीतली होती, कोर्टाची वही वेगळी.

हे सगळं लिहिणाऱ्या माझी वही कशी आहे, तेही सांगायला हवं. वडील गेले त्यानंतर वारसनोंदीत माझं नाव लागलंच नाही. फेरफार निघाला, सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आलं. मी सोडून दिलं. क्षमा केली, असं लोकांना सांगत राहिलो, आणि लोक मला मोठ्या मनाचा म्हणत राहिले. खरं सांगायचं तर मी भावाला कधी विचारलंच नव्हतं. दर रविवारी तो माझ्या दोन बाक पुढे बसतो आणि ऋणाची ती ओळ आम्ही दोघं एका सुरात म्हणतो. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले, तेही मी मागूनच पाहिले.

यंदा गणपतीनंतर त्याला पत्र लिहिलं. दादा, जागा नको. ती तुझ्याच नावावर राहू दे. पण माझं नाव का घातलं नाहीस, तेवढं सांग. पत्र हातात देण्याची हिंमत झाली नाही, पोस्टानेच टाकलं.

अजून उत्तर आलेलं नाही.