वाटून घेतलेले कर्तव्य

एखादे कर्तव्य दहा जणांत वाटून दिले, दहांपैकी प्रत्येकाने आपला वाटा पुरा केला असे स्वतःच्या मनाशी मानले, आणि तरीही त्या कर्तव्याच्या अभावी एक निरपराध मनुष्य प्राणास मुकला, तर तो दोष कुणाच्या माथी? आम्हां वकिलांस हा प्रश्न नवा नाही. न्यायालयात तो रोज निरनिराळ्या वेषांत उभा राहतो. परंतु १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर या गावाजवळ जे घडले, त्यात तो जितक्या उघड्या स्वरूपात दिसला तितका क्वचितच दिसतो. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवून तिचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

शेतकी प्रदर्शनाचे मोकळे मैदान, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा, वेळ सायंकाळची. सहा वाजून काही मिनिटांनी भाषण सुरू झाले आणि ६ वाजून ११ मिनिटांनी वीस वर्षांच्या एका तरुणाने जवळच्या कारखान्याच्या छपरावरून बंदुकीच्या आठ गोळ्या झाडल्या. ते छप्पर व्यासपीठापासून दीडशे मीटरांच्याही आत होते. एक गोळी ट्रम्प यांच्या उजव्या कानाला चाटून गेली. त्यांच्या मागच्या बाजूस आसनांवर बसलेल्या श्रोत्यांपैकी दोघे गंभीर जखमी झाले आणि एक गृहस्थ, जे पूर्वी आपल्या गावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे प्रमुख होते, पत्नी व मुलींना आपल्या देहाने झाकून घेत असता मरण पावले. मारेकऱ्यास सीक्रेट सर्व्हिसच्या नेमबाजाने तेथेच ठार केले.

हत्येचे पाप हत्या करणाराचे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पहारेकऱ्याच्या डुलकीने चोराची चोरी हलकी होत नाही. परंतु चोराला शासन झाले म्हणून पहारेकऱ्याचा हिशेब चुकता होतो, असेही नाही. हे दोन वेगळे खटले आहेत, आणि आमचा विषय दुसरा.

आता त्या छपराची गोष्ट पाहू. ते छप्पर कुणाच्या दृष्टीआड नव्हते. व्यासपीठ तेथून सरळ दिसत होते, हे कोणत्याही शिपायास कळण्याजोगे होते. तथापि सीक्रेट सर्व्हिसने आखलेल्या आतल्या कड्याच्या ते बाहेर पडले, आणि कड्याबाहेरचा बंदोबस्त स्थानिक पोलिसांचा असे गृहीत धरले गेले. स्थानिक नेमबाज होते. परंतु ते त्याच आवारातील इमारतीच्या आत, खिडकीपाशी. छपरावर कुणीच नव्हते. संशयित तरुणाला स्थानिक पोलिसांनी पाहिले होते, त्याचे छायाचित्र टिपले होते, अंतर मोजण्याची दुर्बीण त्याच्याजवळ असल्याचेही हेरले होते. ही वार्ता गोळीबारापूर्वी सुमारे २५ मिनिटे सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांपर्यंत पोहोचली होती, असे अमेरिकन सिनेटच्या समितीने सप्टेंबर २०२४ मधील अहवालात नमूद केले आहे. छपरावर माणूस आहे हे सुमारे २ मिनिटे आधी कळले. तो सशस्त्र आहे ही हाक स्थानिक पोलिसांच्या बिनतारी यंत्रावर गेली तेव्हा सुमारे २२ सेकंद उरले होते. आणि ती हाक व्यासपीठाभोवतालच्या रक्षकांच्या कानी पडली नाही, कारण दोन्ही दलांच्या बिनतारी वाहिन्या निराळ्या, नियंत्रणकक्षही निराळे. स्थानिक दलाने आपले संच देऊ केले होते. ते नेण्यास कुणी आले नाही.

वक्ता बोलतच राहिला. सभेच्या कडेला उभे असलेले सामान्य श्रोते मात्र छपराकडे बोट दाखवून पोलिसांना ओरडून सांगत होते. ज्यांच्यावर कसलेही कर्तव्य सोपविलेले नव्हते त्यांनी ते केले, ही गोष्ट आम्हांस या साऱ्या प्रकरणात विलक्षण वाटते.

सिनेटच्या समितीने अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतल्या तेव्हा निष्पन्न काय झाले? त्या इमारतीची जबाबदारी कुणाची, याविषयी प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. आराखडा कुणी मंजूर केला, असे विचारता उत्तर असे की, निर्णय सर्वांनी मिळून घेतला. आमच्या व्यवसायात हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ कळण्यास भाषांतर लागत नाही. सहकारी संस्थेची शिल्लक नाहीशी होते, शाळेची भिंत पडते, आणि ठरावाच्या वहीत ‘सर्वानुमते’ एवढा एकच शब्द सापडतो.

येथे कायद्याची एक अडचण वाचकांस सांगितली पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३२ व्या कलमाने बेकायदेशीर अकृतीलाही कृतीच्या पंक्तीस बसविले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते तत्त्व राखले आहे. म्हणजे न करणे हाही गुन्हा होऊ शकतो. परंतु त्यासाठी करण्याचे बंधन त्या विशिष्ट मनुष्यावर होते, हे आधी सिद्ध व्हावे लागते. रस्त्याने जाणाऱ्या सहस्रावधी लोकांनी छपरावर पहारा दिला नाही. त्यांना कोणी आरोपी करीत नाही. बंधन नेमके ठेवले नसेल, तर अकृती नेमकी कुणाची ते ठरत नाही. याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. जो अधिकारी ‘अमुक छप्पर अमुक शिपायाचे’ असे स्पष्ट लिहून ठेवतो, तो आपल्या हाताखालच्या माणसास, आणि कदाचित स्वतःसही, दोषाच्या टप्प्यात आणतो. जो संदिग्ध ठेवतो तो सर्वांस वाचवितो. संदिग्धतेला असे बक्षीस मिळत असेल तर ती वाढेल, यात नवल कसले?

म्हणून आमच्या मते दोषाचा शोध घेताना प्रश्नच बदलला पाहिजे. ‘छपरावर कोण नव्हते?’ हा प्रश्न फोल आहे. तेथे सारे जगच नव्हते. ‘छपरावर कोण असावे हे ठरविण्याचा अधिकार कुणास होता?’ हा खरा प्रश्न. ज्याला वाटणी करण्याचा अधिकार, त्याच्याकडे न वाटलेले सारे शिल्लक राहते. एकत्र कुटुंबातील कर्त्याचे तसेच असते: ज्या कामाला घरात धनी नाही, ते काम कर्त्याचे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सत्ता एका हाती नसावी, ती विभागलेली असावी, हे आपण मोठ्या अनुभवाने शिकलो आहोत. देवस्थानांच्या कारभारात पडलेल्या आमच्या वाचकांस तर हे सांगावयास नकोच. अनेक देवळांत भांडाराला एकाहून अधिक कुलपे असतात, किल्ल्या निरनिराळ्या हातांत असतात, आणि सर्व जमल्यावाचून देवाचा दागिना बाहेर निघत नाही. ही रीत शहाणपणाची आहे. परंतु ती कशासाठी आहे, ते पाहावे. दुष्कृत्य अवघड व्हावे यासाठी ती आहे. सत्कृत्य अवघड व्हावे हा तिचा हेतू नव्हे. देवळाला आग लागली असता तीन किल्ल्यांचे मालक तीन गावांहून येईपर्यंत घागर भरू नये, असे कोणताही महाजन म्हणणार नाही. भांडाराची रीत विहिरीला लावली की अनर्थ होतो. रक्षणाचे काम विहिरीच्या जातीचे आहे.

कौटिल्याने हे ओळखले होते, असे दिसते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाच्या शेवटी राजाने स्वतःचे रक्षण कसे करावे याचे प्रकरण आहे. त्यात राजाने माणसांच्या गर्दीत शिरू नये, आणि यात्रा, मेळे, उत्सव यांस जावयाचे तर तेथे दहा जणांच्या पथकावरील नायकाची देखरेख असावी, अशा अर्थाचे सांगितले आहे. पुष्कळ माणसे असावीत एवढे सांगून तो थांबला नाही. माणसे कुणाच्या अधीन असावीत ते त्याने सांगितले. बटलरच्या मैदानात माणसे कमी नव्हती; त्यांवर एक नायक नव्हता.

मात्र कौटिल्याचा राजा गर्दीपासून दूर राहू शके; लोकशाहीतल्या उमेदवाराला ते साधत नाही. त्याला हस्तांदोलन करावे लागते, हार घालून घ्यावे लागतात. २१ मे १९९१ च्या रात्री मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूर येथे लोकसभेच्या प्रचारासाठी आलेले राजीव गांधी याच अपरिहार्यतेचे बळी ठरले. हारांच्या रांगेत उभी असलेली एक स्त्री पाया पडण्याच्या मिषाने वाकली आणि तिने कमरेचा स्फोटक पट्टा उडविला. नमस्काराला शस्त्र करणारा तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो. तेथे हजर असलेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्याने तिला अडविले होते, पण राजीव गांधींनीच तिला येऊ द्यावे असे सुचविले, अशी हकीकत पुढे प्रसिद्ध झाली.

यावरून कुणी म्हणेल की, नेत्याने धोका स्वखुशीने पत्करला, मग रक्षकांस बोल कसला? जो संमती देतो त्याची हानी ही हानी नव्हे, असा रोमन कायद्याचा एक जुना न्याय आहे. परंतु त्या न्यायाला एक मर्यादा आहे: संमती ज्याची त्याच्यापुरती. श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींसमवेत दहाहून अधिक माणसे मेली, त्यांत बंदोबस्तावरील पोलीसही होते. बटलरचे ते गृहस्थ तर सुटीच्या दिवशी मुलीबाळींसह भाषण ऐकावयास आले होते. नेत्याला आपली छाती उघडी ठेवण्याचा हक्क असेल. त्याच्या मागे बसलेल्याची छाती उघडी ठेवण्याचा हक्क त्यास नाही. म्हणून नेता ‘येऊ द्या’ म्हणाला तरी ‘येऊ देणार नाही’ म्हणण्याचा अधिकार रक्षकास असला पाहिजे, आणि तो अधिकार वापरल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याची बदली होता कामा नये.

श्रीपेरुंबुदूरच्या बंदोबस्तातील उणिवांची चौकशी न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या आयोगाने केली. तेथेही चित्र तेच. पंतप्रधानपद गेल्यावर विशेष सुरक्षा दलाचे संरक्षण निघाले, कारण १९८८ चा कायदा पदावरील पंतप्रधान व त्यांच्या कुटुंबापुरताच होता; त्या जागी तोडीची दुसरी व्यवस्था उभी करण्याचे काम केंद्र, गुप्तवार्ता विभाग, राज्याचे पोलीस यांच्यामध्ये कोठेतरी पडून राहिले. स्थानिक पक्ष-कार्यकर्त्यांनी शिस्त मोडण्यास हातभार लावला तो निराळाच. कायदा दुरुस्त झाला तो १९९१ मध्ये, मृत्यूनंतर. श्रीपेरुंबुदूरला कट होता. बटलरला तपासाअंती दुसरा साथीदार आढळला नाही. लोकांस मात्र दोन्हीकडे कटच हवा असतो. आळस, गैरसमज आणि न नेलेला बिनतारी संच यांनी इतका मोठा अनर्थ घडावा हे मनास पटत नाही, म्हणून मन एखादा दुष्ट सूत्रधार कल्पून घेते. दुष्टाचा शोध लागला की आळशांची सुटका होते.

दुष्ट कुणीच नसतानाही हे घडते, याचा दाखला आपल्या अगदी जवळ आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. तेथे ना मारेकरी ना राजकारण. पुढे चौकशीत देवस्थान समिती, पंचायत, पोलीस, प्रशासन अशा सर्वांकडेच उणिवा आढळल्या. सर्वांकडे म्हणजे कुणाकडे, हे विचारण्याचा हक्क त्या घरांना आहे.

राहिला प्रश्न प्रायश्चित्ताचा. सीक्रेट सर्व्हिसच्या तत्कालीन संचालिका किंबर्ली चीटल यांनी २२ जुलै २०२४ रोजी लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे पूर्ण जबाबदारी आपली असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले, त्याची आठवण आपल्याकडे अनेकांस झाली असेल. आम्हांस मात्र दोन्हींत फरक वाटतो. शास्त्रीजींच्या हाती अरियलूरचा रूळ नव्हता. त्यांचा त्याग नैतिक होता आणि त्याहून अधिक काही असल्याचा त्याचा दावा नव्हता. चीटल यांना मात्र ‘छपरावर कुणी का नव्हते?’ हा नेमका प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याचे नेमके उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेणारास आधी परिषदेपुढे जाऊन आपण काय केले ते स्वमुखाने सांगावे लागे, त्यानंतर व्रत. कृत्याचा उच्चार न करता घेतलेले व्रत तेथे चालत नसे. पूर्ण जबाबदारी घेतो असे म्हणणे आणि अमुक आज्ञा मी दिली नाही असे म्हणणे, यांत पहिले ऐकावयास मोठे वाटते. दुसरे अधिक जड आहे.

सीक्रेट सर्व्हिसच्या सहा जणांस १० ते ४२ दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आल्याचे जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका मनुष्याच्या प्राणासमोर ही शिक्षा अपुरी वाटेल. आम्ही तिच्या प्रमाणाविषयी बोलणार नाही. कनिष्ठांस शासन करून वरिष्ठांची संदिग्धता झाकण्याचा धोका आम्हांस त्याहून मोठा वाटतो. ज्या शिपायास छप्पर तुझे असे कुणी सांगितलेच नाही, त्याचे दहा दिवसांचे वेतन कापून न्याय कोणता झाला?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी ट्रम्प त्याच मैदानात पुन्हा सभेस आले. ६ वाजून ११ मिनिटांनी भाषण थांबवून मृत गृहस्थासाठी सभा स्तब्ध उभी राहिली. या खेपेस कारखान्याची ती इमारत व्यासपीठावरून दिसत नव्हती. मध्ये मालट्रकांची रांग उभी करून ठेवली होती.