पाटीला लागलेला हात

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. सातपाटीच्या बंदरावर, पालघरच्या बाजारात, स्टेशनाच्या जिन्याखाली हे रोज दिसते. कोळीण वाकते, चुंबळ नीट बसवते आणि शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणते, "जरा हात लाव रं." तो कधी कॉलेजचा मुलगा असतो, कधी बोईसरच्या कारखान्यात पाळीला निघालेला उत्तरेकडचा कामगार, तर कधी इस्त्रीच्या शर्टावर मासळीचे पाणी सांडेल म्हणून बिचकणारा साहेब. पाटी वर जाते, बाई चालू लागते. आभार मानायची पद्धत नाही. मान हलली तर पाटी पडेल!

सातपाटीला लोक ओळखतात ते पापलेटसाठी. 2023 मध्ये हाच मासा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, तेव्हा इथल्या घराघरांत 'आता कळलं होय?' असा भाव होता म्हणे. पण मासळी बोटीतून उतरली की पुढचा प्रवास रस्त्याचा आणि रुळांचा. 16 एप्रिल 2013 पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली, आणि पालघर-बोईसरच्या माणसाच्या आयुष्यात मुंबईच्या डब्याचा कायदा शिरला. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो. तिघांनी थोडे थोडे सरकायचे आणि चौथ्याने अर्ध्या मांडीवर समाधान मानायचे. चौथ्याला त्याची जात, गाव, देव विचारला जात नाही. विचारतात ते एवढेच : "कुठे उतरणार?"

याच मार्गावर खाली वसई आहे, जिथे सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती वस्ती आहे. वाडीतली भाजी, फुले, केळी घेऊन निघालेल्या तिथल्या बाया आणि सातपाटीच्या कोळणी एकाच रेल्वेच्या लगेज डब्यांतून फिरतात. सातपाटी मुख्यतः हिंदू कोळ्यांचे गाव. तरीही ख्रिस्ती श्रद्धा प्रवासात कशी जगायची, या प्रश्नाचा विचार चर्चच्या बाकापेक्षा लोकलच्या बाकावरून जास्त बरा होतो. चर्चमध्ये शेजारी बसणारा ओळखीचा असतो, त्याच्या लग्नाला आपण जेवलेलो असतो. गाडीतला माणूस विरारला उतरून जातो आणि पुन्हा जन्मात दिसत नाही. त्याच्याशी चांगले वागून मिळवायचे काय?

मराठी साहित्याच्या इतिहासात अशा एका बाकाची नोंद आहे. साल 1893. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तिथल्या संस्थानात नोकरीची आशा होती. डब्यात समोर एक गोरा माणूस. त्या काळात गोऱ्या प्रवाशासमोर बसलेल्या एतद्देशीय माणसाने काय गृहीत धरावे, हे सांगायला नको. हा माणूस मात्र सौजन्याने वागला. काव्याविषयी बोलणे निघाले, काव्यावरून धर्मावर गेले. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि भाकीत केले, की हे मनापासून वाचलेत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हसू आले असेल. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून हातात पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले. सुरुवातीची पाने ओढूनताणून गेली. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचल्यावर मात्र त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या कथनात त्या सहप्रवाशाला नाव नाही. त्याची पुन्हा भेटही झाली नाही.

ही गोष्ट उपदेशकांच्या फार आवडीची आहे, आणि ते ती भाकितासाठी सांगतात. जरा थांबायला हवे ते इथे. पुस्तक वाटणारे त्या काळी पुष्कळ होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून वाटत, लोक घेत आणि पुड्या बांधत. टिळकांनी शब्द पाळला तो पुस्तकाच्या वजनामुळे नव्हे. त्याआधी डब्यात काही तास एका माणसाने दुसऱ्याला बरोबरीचा मानले होते. धर्मांतराच्या हिशेबाने पेरलेले सौजन्य हे सौजन्य नव्हेच, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. आमिष आणि आदर यांत फरक असतो, आणि तो समोरच्याला लगेच कळतो. टिळकांसारख्या मानी, तापट कवीला तर नक्कीच कळला असता.

त्या गाडीची किंमत कोणी मोजली, हेही विसरायचे कारण नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या, पाणी कोणाच्या हातचे प्यायचे या प्रश्नाशी झुंजल्या आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी स्वतःच्या निर्णयापाशी आल्या. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणारी बाई कोणाच्या मागून फरपटत गेलेली नव्हती. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले.

1893 हेच साल दुसऱ्या एका डब्यासाठी प्रसिद्ध आहे. 7 जूनच्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गला मोहनदास गांधींना पहिल्या वर्गातून खाली उतरवले गेले. ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच प्रवासातले पुढचे दोन प्रसंग मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रिटोरियाकडे जाताना गार्ड पुन्हा उठवायला आला, तेव्हा डब्यातल्या एकुलत्या इंग्रज प्रवाशाने गार्डलाच झापले आणि गांधींना जागेवर बसू दिले. प्रिटोरियाला रात्री उतरल्यावर जायचे कुठे, ठाऊक नव्हते. फलाटावर उभा असलेला एक काळा अमेरिकी माणूस आपणहून पुढे आला आणि त्याने त्यांना एका हॉटेलपर्यंत पोहोचवले. गांधींनी आत्मकथेत दोघांचीही आठवण ठेवली आहे. इतिहासाला मात्र ढकलणारा हातच तेवढा लक्षात राहिला.

आता पालघरच्या रुळांकडे परत यायला हवे, कारण या रुळांवरून एक गाडी अशीही गेली आहे जिची आठवण ख्रिस्ती माणसाला बोचावी. 1917. परदेशातून शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले, की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. नवरा मोकळ्या मनाचा झाला होता, बायको नव्हती, हे आंबेडकरांना ठाऊक होते. त्यांनी काय ते ओळखले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले.

बडोद्याहून मुंबईला येणारी गाडी बोईसर-पालघरवरूनच येते. त्या रात्री खिडकीबाहेर ही खाजणे, ही मिठागरे अंधारात मागे पडत गेली असणार. एका घरावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले होते, उंबरठा मात्र कोरडाच राहिला होता.

खुद्द येशूने या विषयावर दाखला सांगितला तोही प्रवासाचाच. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता. सुमारे हजार मीटरचा उतार, निर्जन आणि लुटारूंचा. लुटून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक पलीकडच्या बाजूने निघून जातो, मंदिराचा सेवक लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी बाटलेला, परका. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो आणि मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो. दोन दिवसांची मजुरी. मग आपल्या वाटेने जातो. त्याला आपले काम होते, हा तपशील सुंदर आहे. तो सारे सोडून सेवेला लागला नाही. जाता जाता केले.

आपल्या देशाच्या कायद्यात हा शोमरोनी आज नावानिशी आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले आणि त्यात 'गुड समॅरिटन' हा शब्द जसाच्या तसा उतरला. पुढे केंद्र सरकारने बक्षीसही ठेवले, आधी 5,000 रुपये, नंतर 25,000. मूळच्या शोमरोनीला खिशातले दोन दीनार घालावे लागले होते, ते असो. रस्त्यावर तडफडणाऱ्याला उचलायला माणसे घाबरतात, ही गोष्ट सरकारला मान्य करावी लागली, हे त्यातले खरे.

भीती खोटी नसते. पालघर जिल्ह्यात तर तिचे दाखले एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीत सापडतात. कासा ठाण्याच्या हद्दीतल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा जीवघेणा टप्पा देशभर माहीत झाला. त्याच ठाण्याच्या हद्दीतल्या गडचिंचले गावात 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा होती, आणि हे तिघे अनोळखी होते. त्यांचा गुन्हा तेवढाच.

समुद्रावरही तेच. 2008 मध्ये पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून अतिरेकी मुंबईत उतरले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे काढावी लागली आणि अनोळखी नाव दिसली तर कळवा, असे सांगितले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने अडकलेल्या नावेला दोर टाकला, त्यालाच आता डोळे बारीक करून बघायला शिकवायचे. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण दोर टाकणाऱ्या हाताची सवय मोडली तर ती पुन्हा कोण लावणार?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत प्रेषित पौलाचे जहाज फुटते. 276 माणसे पोहत, फळ्यांना धरून मेलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टाला लागतात. थंडी आहे, पाऊस आहे, आणि हा पौल तर कैदी म्हणून रोमला नेला जातो आहे. बेटावरचे लोक काहीही न विचारता शेकोटी पेटवतात. त्यांच्यातला एकही ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती धर्मग्रंथाने त्यांची ती शेकोटी जपून ठेवली, यात विनय आहे. दया करणे ही आपल्याच घरची मिरास आहे असे समजणाऱ्याला तिथे उत्तर मिळते. आधी दुसऱ्याच्या शेकोटीपाशी भिजून बसावे लागते, मग आपली पेटवता येते.

सातपाटीच्या माणसाला सर्वांत लवकर कळेल अशी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. येशूच्या शिष्यांना रात्रभर जाळे टाकून काही मिळालेले नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू उभा आहे, पण त्यांना ओळखू येत नाही. तो विचारतो, काही मिळाले का. नाही. मग जाळे उजवीकडे टाका म्हणतो, आणि 153 मोठे मासे लागतात. कोळ्यांनीच मोजले असणार. दुसरा कोण इतक्या काटेकोरपणे मोजेल! ते किनाऱ्याला लागतात तेव्हा कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते. तरीही तो म्हणतो, तुमच्या मासळीतलीही थोडी आणा. थकून आलेल्याला जेवायला घालायचे, आणि त्याच्या हातचेही घ्यायचे, म्हणजे त्याला फुकटचे खाल्ल्यासारखे वाटू नये.

पालघरला लोकल थांबते. दारातली बाई पाटी काठाशी सरकवते. फलाटावर तिच्या ओळखीचे कोणी नाही, आत चढणाऱ्यांची घाई आहे, हमालाला द्यायला सुटे पैसे नाहीत. "घे रं पोरा," ती कोणाला म्हणते तिलाही ठाऊक नसते. दोन हात वर येतात. पाटीतून खारे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. मुलगा हात शर्टाला पुसतो, चढतो, आणि आत बाकावरचे तिघे जरा सरकतात.