चाल कोणाची?

चालीला धर्म असतो काय? एका परंपरेत वाढलेली चाल दुसऱ्या परंपरेच्या उपासनेत आणणे न्याय्य आहे काय? महाराष्ट्रातील आम्हा ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण आमच्या मंदिरांतून अभंग आणि भजने गायिली जातात.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील कित्येक संगीतकार आपल्या मातीतील सुरांकडे वळले. शोपँने पॅरिसमध्ये राहून पोलंडच्या माझुर्का या लोकनृत्याला पियानोवर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच शतकाच्या अखेरीस आमच्या नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) असेच एक कार्य करीत होते. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांत मराठी शब्दांची फार ओढाताण होई. ऱ्हस्व अक्षर चालीसाठी लांबवावे लागे आणि अर्थ विसकटून जाई. अभंगात ही अडचण नाही. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी ध्रुपद उचलावे. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याही मुखी ते सहज बसते. टिळकांनी प्रभू येशूचे प्रेम या वळणाने गायिले.

मग ही उसनवारी झाली काय? १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याने श्रद्धा नवी होते; जात्यावरच्या ओव्यांनी घडविलेला कान मात्र तोच राहतो. ती वाणी त्यांची जन्माचीच होती.

तथापि आक्षेप याहून खोल आहे. अभंग म्हणजे रिकामे भांडे नव्हे. त्यात वारकऱ्यांची शतकांची भक्ती मुरलेली आहे. केवळ लोकांना आकर्षून घेण्यासाठी तो वापरला, तर तो भक्तीचा अपमान ठरेल. येथे हेतू आणि कृतज्ञता या दोन कसोट्या आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक उघडपणे सांगत. ज्याने ऋण मान्य केले, त्याने चोरी केली असे कोण म्हणेल?

आम्हा कॅथलिकांचे ऋण तर दुहेरी आहे. फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, हा आमचा अभिमान. परंतु ती ओवीही त्यांना या भूमीनेच दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत मानाचे स्थान द्यावे असे सांगितले. त्याच्या कितीतरी आधी एका प्रॉटेस्टंट कवीने नगर-राहुरीच्या परिसरात ती वाट मळून ठेवली होती.

म्हणून टिळकांचे पद मिस्साबलीत गाताना आम्ही पंथाच्या भिंती थोड्या बाजूस साराव्यात आणि दिंडीतील टाळ कानी पडता परकेपणाने तोंड फिरवू नये. ज्यांच्याकडून सूर घेतला त्यांच्याविषयी मनात तुच्छता बाळगून केलेली स्तुती देवापर्यंत कशी पोहोचावी?