खाल्ल्या मिठाचा हिशेब

१८८० च्या सुमाराची गोष्ट. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव जोशी तेव्हा कोल्हापुरात होते. बायकोला, आनंदीबाईंना, शिकवायचं, त्यासाठी अमेरिकेला जायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कोल्हापुरात मिशनचं काम करून मायदेशी परतलेल्या रॉयल विल्डर यांच्याकडे त्यांनी पत्राने मदत मागितली. विल्डर यांनी मदतीआधी ख्रिस्ती धर्माची वाट दाखवली आणि हा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो वाचला. ओळख ना पाळख, तरी त्यांनी पत्र लिहिलं: माझं घर तुमचंच समजा, अशा अर्थाचं. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि त्या घरी गेल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे बोलल्या होत्या. कार्पेंटरबाईंच्या दारात त्याची आडकाठी झाली नाही.

एकाच पत्रव्यवहारातून दोन वाटा निघाल्या. एका वाटेवर मदत आणि श्रद्धा यांची गाठ मारलेली होती, दुसरीवर दार आधी उघडलं. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचा पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांच्या मधून गेलेला आहे. तो सर्वांत ठळक दिसतो अमेरिकेत शिकायला गेलेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या आणि त्यांनी उभ्या केलेल्या चर्चच्या गोष्टीत.

ती गोष्ट आनंदीबाईंच्याही आधी सुरू होते. मकाऊजवळच्या खेड्यातला युंग विंग हा मुलगा मिशन शाळेतल्या शिक्षकाबरोबर १८४७ मध्ये अमेरिकेला गेला आणि १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठातून पदवी घेणारा तो पहिला चिनी. पुढे त्याच्याच खटपटीने चीनच्या सरकारने १८७२ पासून चार तुकड्यांत १२० मुलगे न्यू इंग्लंडमध्ये शिकायला पाठवले. ही मुलं तिथल्या कुटुंबांत राहिली, त्यांच्या ताटात जेवली, रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जाऊन बसली. काहींच्या मनात वेगळी श्रद्धा रुजू लागली, काहींना पाठीवरची वेणी नकोशी झाली. बातमी पेकिंगला पोचली आणि १८८१ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं गेलं. मुलं आपली राहिली नाहीत, हे त्या निर्णयामागचं एक मोठं भय होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती. म्हणजे एकाच माणसाला हातात पुस्तक असेल तर प्रवेश आणि फावडं असेल तर मज्जाव. या विसंगतीकडे त्या काळच्या चर्चनी पुरेसं पाहिलं नाही, असं मला वाटतं.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. मिशनरी होऊन परदेशी जाऊ, असा संकल्प तिथे शंभर तरुणांनी केला. त्यांना त्यासाठी तयार करणाऱ्यांत रॉबर्ट विल्डर पुढे होता. हा रॉयल विल्डर यांचा मुलगा, जन्म कोल्हापूरचा, १८६३ चा. शिबिराच्याच वर्षी, १८८६ च्या मार्चमध्ये, फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या होत्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्या शंभरांना मिशन म्हणजे जाणं, समुद्र ओलांडणं एवढंच ठाऊक होतं. समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न अजून त्यांच्या मनात उमटला नव्हता.

तो उमटला १९०९ च्या एका थंड सकाळी, कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला. तो थबकला. न्यूयॉर्कमध्ये येऊन तीन आठवडे झाले, पण आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच, असं त्याने सांगितलं. एडमंड्स घरी गेले, पत्नीशी बोलले आणि दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी संध्याकाळी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्या जेवणांतूनच रॉकफेलर यांच्या देणगीने १९२४ मध्ये ‘इंटरनॅशनल हाउस’ उभं राहिलं. सर्व देशांचे आणि सर्व धर्मांचे विद्यार्थी तिथे एका छपराखाली राहू लागले.

दरम्यान माउंट हर्मनच्या त्या शंभरांतल्या जॉन मॉट यांनी १९११ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मैत्रीची एक समितीच स्थापन केली. बंदरावर उतरवून घ्यायला कोणी जायचं, खोली शोधून द्यायची, सणाला एखाद्या घरी न्यायचं, अशी साधी कामं. पण त्यामागे एक हिशेबही होता: हे तरुण उद्या आपापले देश चालवतील, त्यांची मनं जिंकली की देश जिंकले. मला हा टप्पा सर्वांत नाजूक वाटतो. कामं तीच, भाकरी तीच. पण पाहुण्याकडे बघणाऱ्या डोळ्यांत पाहुण्याच्या पलीकडचं काहीतरी दिसू लागलं. आणि पाहुण्याला ते कळतं. १९२२ मध्ये मॉट यांच्याच जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाची परिषद पेकिंगच्या छिंगह्वा महाविद्यालयात भरायची ठरली, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांनीच तिच्याविरुद्ध देशभर आंदोलन उभं केलं. मिशन आणि परकी सत्ता यांचं साटंलोटं आहे, हा त्यांचा आरोप होता.

हिशेब असा बिनसला तरी माणसं आपापल्या वाटेने घडत राहिली. जेम्स येन १९१८ मध्ये येलमधून बाहेर पडला आणि वाय.एम.सी.ए.तर्फे फ्रान्समधल्या चिनी मजुरांच्या छावणीत गेला. महायुद्धात खंदक खणायला आणलेले ते मजूर रात्री त्याच्याकडून घरी पत्रं लिहून घ्यायचे. रोज पत्रं लिहून देण्यापेक्षा यांना अक्षरंच शिकवू, असं त्याला वाटलं आणि निवडक चिन्हांचे धडे त्याने सुरू केले. परतल्यावर चीनच्या खेड्यापाड्यांतल्या साक्षरतेसाठी त्याने आयुष्य दिलं. जॉन सुंगची तऱ्हा अगदी निराळी. १९२६ मध्ये ओहायोत रसायनशास्त्राची डॉक्टरेट, मग धर्मशास्त्राचं विद्यालय, तिथे तीव्र आध्यात्मिक उलथापालथ आणि वेड्यांच्या इस्पितळात १९३ दिवस. मायदेशी परतताना त्याने आपली मानपदकं आणि प्रशस्तिपत्रं समुद्रात फेकली, असं सांगतात. चीन आणि आग्नेय आशियातला तो त्या काळातला सर्वांत प्रभावी प्रवचनकार ठरला. या दोघांचं भविष्य कुठल्याही समितीच्या आराखड्यात बसलं नसतं.

१९४९ ला चीनमध्ये सत्तापालट झाला आणि अमेरिकेत शिकणारे सुमारे पाच हजार चिनी विद्यार्थी अडकून पडले. घरून येणारे पैसे थांबले. कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर तंत्रज्ञ म्हणून शिकलेल्यांना अमेरिका जाऊ देईना. चीनमधून मिशनऱ्यांनाही बाहेर पडावं लागलं. जायची वाट बंद झाली, तेव्हा आलेल्यांकडे नजर वळली. बॉब फिन्ली यांनी १९५३ मध्ये केवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘इंटरनॅशनल स्टुडंट्स’ ही संस्था काढली. पण खरा पालट दहा वर्षांनी झाला. मोझेस चौ आणि टेड चॉय या दोन चिनी धर्मसेवकांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅम्बॅसेडर्स फॉर क्राइस्ट’ सुरू केली: चिनी विद्यार्थ्यांसाठी, चिनी माणसांनी चालवलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं पहिलं चिनी चर्च १८५३ मध्ये विल्यम स्पीअर या गोऱ्या मिशनऱ्याने उभं केलं होतं. आता एकशे दहा वर्षांनी पाहुणा यजमान झाला. या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल आहे, असं मी मानतो.

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली. तैवान आणि हाँगकाँगचे पदवीधर विद्यार्थी एखाद्याच्या दिवाणखान्यात बायबल वाचायला जमू लागले. या वर्गाला ते ‘चाजिंगबान’ म्हणतात. शिक्षण झालं, नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, दिवाणखाना पुरेना. मग एखाद्या अमेरिकन चर्चची इमारत दुपारपुरती भाड्याने, आणि कालांतराने उपनगरात स्वतःची जागा. कितीतरी चिनी चर्चचा जन्म असा विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गातून झाला आहे. आपल्या मातीच्या सुरात देवाशी बोलण्याची जी ओढ रेव्हरंड टिळकांना अभंगांकडे घेऊन गेली, तीच ओढ या मंडळींना मँडरिनकडे आणि कँटनीजकडे घेऊन गेली.

विद्यापीठाच्या गावातली शुक्रवारची संध्याकाळ अशी असते. तळघरातल्या लांब टेबलांवर कागदाचे टेबलक्लॉथ, कडेला दोन-तीन मोठे राइस कुकर, टोफू, वाफवलेली भाजी, अंडं-टोमॅटो. वाढणाऱ्या काकू निवृत्तीला आलेल्या असतात, चाळीस वर्षांपूर्वी त्याही अशाच रांगेत ताट घेऊन उभ्या होत्या. ऑगस्टमध्ये याच मंडळींनी विमानतळावर गाड्या नेलेल्या असतात, गाद्या आणि दिवे जमवून वाटलेले असतात. जेवण उरकलं की खुर्च्यांची वर्तुळं होतात आणि पुस्तकं उघडतात. शाळेत देव नाही असं शिकून आलेली मुलगी पहिल्यांदाच ते पुस्तक हातात धरते आणि सरळ विचारते, हे तुम्हाला खरंच पटतं का?

असं विचारणारे १९७८ नंतर येऊ लागले. त्या डिसेंबरच्या अखेरीस मुख्य भूमीवरच्या चीनमधून ५२ अभ्यासकांची पहिली तुकडी अमेरिकेत उतरली. जून १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकात रणगाडे शिरले आणि परदेशात बसून ते पाहणाऱ्या हजारो तरुणांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या विचारावर ते वाढले होते त्यावरचा विश्वास गेला आणि त्या पोकळीत अनेकांनी चर्चचं दार ठोठावलं. त्यांच्यासाठी १९९२ मध्ये ‘हायवाय शियाओयुआन’, म्हणजे ‘परदेशातलं विद्यापीठ-आवार’, नावाचं चिनी मासिकही निघालं.

इथेच मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. चिनी माणसांतही उपकाराची परतफेड हा नात्यांचा कणा मानला जातो. ज्याने मध्यरात्री विमानतळावरून आणलं, पहिल्या आठवड्यात अंथरूण दिलं, त्याने अभ्यासवर्गाला ये म्हटलं तर नाही कसं म्हणायचं? बोलावणाऱ्याच्या मनात अट नसेलही, पण मिठातच अट विरघळलेली असते. म्हणून यजमानाची जबाबदारी दुप्पट होते. वर्ग आणि जेवण वेगळं आहे, हे त्याने आधीच मोकळेपणी सांगावं. वर्गाला न येणाऱ्याचं ताट पुढच्या शुक्रवारीही तितकंच भरलेलं असावं. आपली श्रद्धा उघडपणे सांगणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. एकाकी माणसाच्या गरजेचं भांडवल करणं हा कोणाचाच हक्क नाही.

श्रद्धा स्वीकारलेल्या माणसाचीही या पेचातून सुटका होत नाही, हे रमाबाईंच्या चरित्रात दिसतं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या मठातल्या भगिनींनी चर्चची शिकवण मुकाट्याने मानायला सांगितली, तेव्हा रमाबाई अडून बसल्या. आपला विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करायला त्या तयार नव्हत्या.

चिनी चर्चमध्ये हाच पेच आता घरातून येतो. अमेरिकेत जन्मलेली मुलं इंग्रजीत विचार करतात, मँडरिन प्रवचनाचं वाक्यावाक्याला होणारं भाषांतर ऐकत वाढतात आणि कॉलेजला गेली की परतत नाहीत. ‘क्रिश्चॅनिटी टुडे’ने १९९६ मध्ये या मूक निर्गमनावर लेख छापला, तेव्हापासून हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात घरची मुलंच पाहुण्यासारखी झाली. दुसरीकडे पदवी घेऊन मायदेशी परतणाऱ्यांना चीनमध्ये ‘हायग्वेइ’ म्हणतात. समुद्री कासवाचाही उच्चार तोच. त्यांना तिथे शुक्रवारचं टेबल सापडत नाही, आणि २०१८ पासून धर्मविषयक नियम कडक झाल्यावर घरगुती मंडळ्यांत जाणंही जोखमीचं झालं आहे. अशा वेळी टिकतं ते स्वतः पारखून घेतलेलं. उपकारापोटी घेतलेलं विमानतळावरच उतरतं.

हे आपण का वाचायचं? २०२३-२४ च्या वर्षी अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकलं: भारताचे ३,३१,६०२ आणि चीनचे २,७७,३९८. विमानतळावर कोणाची तरी वाट पाहत उभी असलेली मुलं आता आपली आहेत. आणि इकडे पुण्यात आफ्रिकेतून, इराणमधून, येमेनमधून आलेली मुलं घरासाठी वणवण करतात, नावं ऐकून दारं बंद होतात. तिथे आपल्या मुलाला कसा यजमान मिळावा हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे. तसा यजमान आपण इथे होतो का, हे स्वतःला विचारायला हवं.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. हिंदू म्हणून गेलेली आणि हिंदू म्हणूनच परतलेली मुलगी त्या ख्रिस्ती घराने आपल्या माणसांत घेतली. येत्या दिवाळीत तुमच्या इमारतीत, तुमच्या कॉलेजात एखादा परदेशी विद्यार्थी एकटा दिसला, तर त्याला घरी जेवायला बोलवा. त्याने काय मानावं, हे त्याच्यावर सोडा.